मानसिक आजार आणि लष्करातला मेडिकल बोर्ड: जवानाने आणि घरच्यांनी काय करायचं

‘माझा बोर्ड होणार आहे’, म्हणजे लष्करी डॉक्टरांची समिती तब्येत तपासणार आहे, असा निरोप आला की घरात पहिली चिंता नोकरीची, दुसरी पेन्शनची, आणि आजार तिसऱ्या नंबरवर जातो. आजार पहिला हवा हे खरंच. पण नोकरी आणि पेन्शनचा निकाल ज्या कागदांवर लागतो ते कागद बोर्डाच्या कित्येक महिने आधीच तयार होत असतात, आणि बहुतेक घरांना हे फार उशिरा कळतं. हा लेख त्या महिन्यांसाठी आहे. तो मुख्यतः भूदलातल्या जवान आणि जेसीओंना (सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना) धरून लिहिलाय. नौदल आणि हवाई दलात नियमांची आणि कार्यालयांची नावं बदलतात, पण वाट साधारण तीच.

आधी विचारा: कुठला बोर्ड?

‘बोर्ड’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिला कॅटेगरीचा बोर्ड. लष्करात तब्येतीची श्रेणी ‘शेप’ या पद्धतीने ठरते. एस म्हणजे मानसिक स्वास्थ्य, एच कान, ए हातपाय, पी एकूण शारीरिक क्षमता आणि ई डोळे. प्रत्येकासमोर १ ते ५ आकडा. १ म्हणजे कुठल्याही ड्युटीला तंदुरुस्त, ५ म्हणजे सेवेसाठी अयोग्य. नैराश्य, तीव्र चिंता, आघातानंतरचा ताण, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांपैकी काहीही असलं तरी फरक पडतो तो ‘एस’मध्ये. श्रेणी आधी तात्पुरती मिळते, एका वेळी जास्तीत जास्त २४ आठवड्यांची, मग पुन्हा तपासणी. सुधारणा झाली तर वर, नाही तर कायमची लो मेडिकल, म्हणजे खालची श्रेणी. एस-२ किंवा एस-३ मिळालेला माणूस सेवेतच असतो. हत्यार, रात्रीची ड्युटी, उंचावरची पोस्टिंग यांवर बंधनं येतात इतकंच. युनिटकडे हलकं काम असेल आणि सीओने (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने) शिफारस केली तर तो अशा कामावर वर्षानुवर्षं राहू शकतो. कॅटेगरी पडल्याच्या दिवशीच गावाकडे ‘त्याला काढलं’ अशी बातमी पोचवणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगावं लागतं.

दुसरा इनव्हॅलिडिंग बोर्ड. मुदत संपायच्या आत, आजारामुळे सेवेतून बाहेर काढण्यासाठीचा. यालाच आपल्याकडे ‘बोर्ड आउट’ म्हणतात. तिसरा रिलीज बोर्ड, म्हणजे मुदत पूर्ण करून किंवा दुसऱ्या कारणाने निघणाऱ्याचा आजार नोंदवणारा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक पैशांत मोठा आहे, म्हणून एमएचच्या (मिलिटरी हॉस्पिटलच्या) कागदावर बोर्डाचं नेमकं नाव काय आहे ते वाचाच.

वैद्यकीय कारणावरून मुदतीआधी काढायचं तर इनव्हॅलिडिंग बोर्डाची शिफारस लागते, हे आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राजपाल सिंग प्रकरणात तेच ठणकावून सांगितलं. नुसती लो मेडिकल आहे, हलकं काम शिल्लक नाही, म्हणून दुसऱ्या कलमाखाली परस्पर डिस्चार्ज देता येत नाही.

उपचार, आणि दोन चुकीच्या युक्त्या

युनिटमधले ‘जाणकार’ दोन सल्ले हमखास देतात. एक: गोळ्या गुपचूप बंद कर, ‘बरा आहे’ सांग, एस-१ मिळेल. दुसरा: जरा जास्त दाखव, टक्केवारी वाढेल. दोन्ही घातक आहेत. पहिल्यात आजार उलटतो, तोही हत्यार हातात असताना. दुसऱ्यात आधी हॉस्पिटलात भरती झाल्याच्या नोंदी आणि तुमचं बोलणं जुळत नाही. मग पुढे तुमच्या खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

उपचाराला नकार दिल्याची नोंद बोर्डाच्या फॉर्ममध्ये वेगळ्या प्रश्नाखाली होते. टक्केवारीवर तिचा परिणाम होऊ शकतो. औषधाने फार झोप येते, हात थरथरतात, वजन वाढतं, तर गोळी फेकून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं.

जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील तर बोर्ड, कॅटेगरी, पेन्शन सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता, आज कुणाला तरी सांगा. आरएमओ (युनिटचा डॉक्टर), सोबतचा जवान, बायको, कुणीही चालेल. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. सैन्यातल्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. घरच्यांनाही हा नंबर लावता येतो. प्रयत्न केला तर गुन्हा दाखल होईल ही भीती अजून खूप जणांना असते. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार वेगळं सिद्ध होत नाही तोवर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्यासाठी दंड संहितेखाली त्याच्यावर खटला चालवला जात नाही.

सीओचा रिपोर्ट: इथेच अर्धा निकाल लागतो

मानसिक आजाराच्या तपासणीसाठी जवानाला पाठवताना युनिटकडून एक फॉर्म जातो, एएफएमएसएफ-१०. त्यात सीओ लिहितो की हा माणूस कामात कसा होता, वागणं कधीपासून बदललं, दारू पितो का, घरी काही भानगड आहे का. मानसोपचारतज्ज्ञाला तुमच्या युनिटमधल्या आयुष्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं याच कागदावरून.

अडचण अशी की हा फॉर्म कित्येकदा क्लार्क घाईत भरतो आणि ‘घरगुती समस्या’ हे दोन शब्द टाकून मोकळा होतो. मग तेच दोन शब्द केस शीटमध्ये उतरतात, तिथून बोर्डाच्या कागदात, आणि शेवटी पेन्शन नाकारणाऱ्या पत्रात. घरगुती समस्या कुणाला नसतात? पण सतत तीन वर्षं फील्डमध्ये (सीमेवर किंवा कारवाईच्या भागात) असल्यामुळे, सुट्टी न मिळाल्यामुळे घरचं बिनसलं असेल, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊन बसते.

म्हणून हा फॉर्म जायच्या आधी कंपनी कमांडर किंवा सुभेदार साहेबांना भेटा. जमत नसेल तर भावाने किंवा बायकोने सीओंना साधं, आदराने लिहिलेलं पत्र पाठवावं. त्यात तारखा असाव्यात: कुठल्या पोस्टिंगवर असताना झोप उडाली, कुठल्या घटनेनंतर बोलणं बदललं, पहिल्यांदा आरएमओकडे कधी गेला. भावनेची दोन पानं नकोत, एक पान पुरे. पत्राची प्रत आणि स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा.

पुढचा कागद इनव्हॅलिडिंग आणि रिलीज बोर्डाचा, एएफएमएसएफ-१६. त्यात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं: कुठे कुठे सेवा केली, आजार कधी आणि कुठे सुरू झाला, भरतीपूर्वी असा त्रास होता का, सेवेतल्या कुठल्या गोष्टीमुळे झाला असं वाटतं. हे निवेदन जवानाच्या सहीचं असतं. वॉर्डातला मदतनीस ‘इथे सही कर’ म्हणाला की औषधाच्या गुंगीतला माणूस सही करतो. सही करायच्या आधी वाचायला मागा. स्वतःला वाचायचं होत नसेल तर नातेवाइकासमोर वाचून दाखवा म्हणा. शाळेत असताना एकदा परीक्षेच्या भीतीने झोप लागली नव्हती, असलं काही डॉक्टरांशी गप्पांत सांगितलं आणि ते ‘भरतीपूर्वीचा आजार’ म्हणून उतरलं, तर ते खोडायला पुढे वकील लागतो. खोटं सांगू नका, पण सांगितलेलं नेमकं तसंच लिहिलं गेलंय का ते बघा. घरात आई, काका, आजोबा कुणाला मानसिक आजार होता का, हा प्रश्नही येतो. त्याचं उत्तर खरं द्यावं. आजार घराण्यात असला तरी सेवेमुळे तो बळावला असं म्हणता येतं.

‘बळावला’ या मुद्द्यावर इतका जोर का

बोर्ड तीनपैकी एक मत देतो: आजार सेवेमुळे झाला, सेवेमुळे बळावला, किंवा सेवेशी संबंध नाही. पहिल्या दोनपैकी काहीही असलं तर अपंगत्व निवृत्तिवेतनाचा हक्क येतो. मानसिक आजारात तिसरं मत फार सहज लिहिलं जातं, ‘शरीरप्रकृतीतला आजार, सेवेशी संबंध नाही’ एवढ्या एका ओळीत.

यावर सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ चे दोन निकाल माहीत असलेच पाहिजेत. धरमवीर सिंग प्रकरणात कोर्टाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं, आणि संबंध नाही म्हणायचं तर बोर्डाने कारणं द्यायची. वीरपाल सिंग प्रकरण थेट स्किझोफ्रेनियाचं होतं. तिथे कोर्टाने बोर्डाचं कारण नसलेलं मत मान्य केलं नाही आणि नव्याने तपासणी करायला सांगितलं.

हे वाचून लगेच उड्या मारू नयेत. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात त्याच न्यायालयाने स्किझोफ्रेनिया असलेल्या जवानाचा दावा फेटाळला. भरतीच्या तपासणीत मानसिक आजार दिसेलच असं नाही, त्यामुळे नोंद नव्हती एवढ्यावर पेन्शन मिळत नाही, असं तो निकाल सांगतो. शिवाय नियमही बदललेत. धरमवीर सिंग निकाल १९८२ च्या नियमांवर होता. त्यानंतर २००८ चे नियम आले, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे. नव्या चौकटीत ‘आजार सेवेत असताना दिसला’ एवढ्याने भागत नाही, सेवेच्या परिस्थितीशी कार्यकारण संबंध लागतो. तुम्हाला कुठले नियम लागू हे सेवेतून निघण्याच्या तारखेवर ठरतं. जुन्या निकालांची व्हॉट्सअॅपवर फिरणारी यादी वकिलासमोर ठेवण्याआधी हे लक्षात घ्या.

मग संबंध दाखवायचा कशाने? पोस्टिंगने. लष्कराची वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पेन्शनविषयक मार्गदर्शिका आहे. तिच्या २००८ च्या सुधारित आवृत्तीत मानसिक आजार सेवेशी जोडायला पुरेशी ठरणारी परिस्थिती दिली आहे: लढाईचा किंवा बंडखोरीविरोधी कारवायांचा भाग, अतिउंच प्रदेश, अगदी एकाकी चौक्या, जीवितहानी झालेला वाहन अपघात, भूकंप-त्सुनामीसारख्या आपत्तीत मृतदेहांजवळ करावं लागलेलं काम. तुमच्या पोस्टिंगची यादी काढा. युनिट, ठिकाण, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, फील्ड की पीस (शांत भागातलं स्टेशन). तिच्या शेजारी दुसऱ्या रकान्यात त्रासाची सुरुवात, पहिली तपासणी, हॉस्पिटलातली पहिली भरती. आजार पीस स्टेशनला दिसला म्हणून केस कमजोर झाली असं नाही. बोर्ड मागच्या फील्ड सेवेकडेही बघतो, पण ती कागदावर असेल तरच.

पैसे

आकडे साधे आहेत, तरी गैरसमज बरेच. अपंगत्व निवृत्तिवेतनात दोन भाग असतात, सर्व्हिस एलिमेंट आणि डिसॅबिलिटी एलिमेंट. दुसरा भाग १०० टक्के अपंगत्वाला पेन्शन मोजायला धरलेल्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि कमी टक्केवारीला त्या प्रमाणात. बोर्ड आउट झालेल्याची टक्केवारी वर ढकलली जाते: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ च्या पुढे १००. समजा शेवटचं वेतन ४०,००० रुपये आणि बोर्डाने ४० टक्के दिले. ते ५० धरले जातात, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट १५ टक्के, ६,००० रुपये. सर्व्हिस एलिमेंट वेतनाच्या निम्मा, २०,०००. यावर महागाई सवलत वेगळी. बोर्ड आउट झालेल्याच्या या पेन्शनवर आयकर नाही.

बोर्डाने २० टक्क्यांपेक्षा कमी लिहून बाहेर काढलं असेल तर २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल बघा. सेवेतून काढण्याइतकं अपंगत्व होतं तर ते २० टक्क्यांच्या वरच मानावं लागेल, असं त्यात म्हटलं आहे.

‘सेवेशी संबंध नाही’ असं मत कायम राहिलं तरी सगळं संपत नाही. दहा वर्षं सेवा झाली असेल तर इनव्हॅलिड पेन्शन असतं. दहापेक्षा कमी सेवा असलेल्यांनाही जुलै २०२० च्या आदेशाने ते अटींसह खुलं झालं, ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी. आर्मी ग्रुप इन्शुरन्सच्या अपंगत्व विम्याचा दावा वेगळा करावा लागतो, तो कुणी आपोआप पाठवेल असं धरून चालू नका.

अग्निवीरांचं गणित निराळं आहे आणि माझ्या मते कठोर आहे. त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे झालेल्या किंवा बळावलेल्या अपंगत्वाला १००, ७५ किंवा ५० टक्क्यांनुसार एकरकमी ४४, २५ किंवा १५ लाख रुपये सानुग्रह रक्कम आहे. त्यामुळे त्यांच्या बाबतीत बोर्डाच्या त्या एका ओळीचं वजन आणखी वाढतं.

ज्या सह्या करू नयेत

आजारी माणूस सुट्टीवरून वेळेत परतत नाही, उलट बोलतो, पितो. त्याची शिक्षा होते, सेवेच्या नोंदीत रेड इंक एंट्री (लाल शाईची नोंद) पडते. अशा चार झाल्या की ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ म्हणून डिस्चार्जची नोटीस येते. या वाटेने गेलेल्या माणसाला बोर्डच होत नाही, आणि आजाराचा कागदही राहत नाही. नोटीस आली तर उत्तर लेखी द्या आणि त्यात उपचाराच्या तारखा लिहून मानसोपचार तपासणीची मागणी करा. चार एंट्री झाल्या म्हणून डिस्चार्ज आपोआप होत नाही, आधी चौकशी हवी आणि सेवेचा सगळा इतिहास बघायला हवा, असं वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. निमलष्करी दलातल्यांसाठी २०२१ चा रवींदर कुमार धारीवाल निकाल याच अंगाने उपयोगी आहे. तो सीआरपीएफमधल्या अधिकाऱ्याचा होता.

दुसरी सही ‘स्वेच्छेने घरी जाण्याच्या’ अर्जावरची. ‘बोर्डाचा डाग कशाला लावून घेतोस, स्वतःहून अर्ज दे, सन्मानाने जा’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पंधरा वर्षं पूर्ण नसलेल्या जवानाने हे ऐकलं तर त्याची सर्व्हिस पेन्शन जाते आणि आजाराचा हक्कही लटकतो. बोर्डात डाग वगैरे काही नाही.

आणि घरच्यांसाठी: तो सुट्टीवर आलाय, परत जायला तयार नाही, अशा वेळी त्याला घरात लपवू नका. जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला न्या. ते लांब असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवून कागद घ्या आणि युनिटला त्याच दिवशी कळवा. नाही तर गैरहजेरी मोजली जाते आणि पुढे पळपुटा ठरवण्यापर्यंत जाते.

निघताना आणि निघाल्यावर

बोर्डाच्या कागदांची पूर्ण प्रत, डिस्चार्ज बुक, केस समरी, हॉस्पिटलातल्या सर्व भरतींची डिस्चार्ज स्लिप आणि निदान महिन्याभराची औषधं हातात असल्याशिवाय रेल्वेत बसू नका. औषधांचं मी मुद्दाम सांगतोय. घरी पोचल्यावर ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड व्हायला वेळ लागतो, आणि त्या फटीत गोळ्या तुटून आजार पुन्हा उसळतो. कार्ड येईपर्यंत जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नाव घालून ठेवा. कागद दिले नसतील तर मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५ चा आधार घेऊन हॉस्पिटलकडे मागा. रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारातही मागता येतात.

पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं की त्यावरची तारीख बघा. पहिलं अपील सहा महिन्यांत, मग दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईला आहे. तिथेही अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागावी लागते. अपिलात ‘मी देशाची सेवा केली’ याने काही हलत नाही. बोर्डाने कारण दिलं नाही, फील्ड सेवेची दखल घेतली नाही, भरतीच्या वेळी नोंद नव्हती, असे मुद्दे पोस्टिंगच्या यादीसकट मांडा. अपंग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टातही त्याचं कार्यालय असतं. टक्केवारीत कमिशन मागणाऱ्या एजंटांच्या दारात जायची गरज नाही.

पेन्शन सुरू झालं की स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरची बँक, पत्नीचं नाव आणि जन्मतारखा तपासा. नावातली एक मात्रा चुकली तरी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी तिला हेलपाटे पडतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. सेवेमुळे झालेल्या आजारावर अपंगत्व पेन्शन घेऊन आलेला माणूस माजी सैनिक ठरतो, आणि आरक्षण, मुलांच्या शिष्यवृत्त्या तिथूनच सुरू होतात. लष्करी बोर्डाची टक्केवारी आणि नागरी दिव्यांग प्रमाणपत्राची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागरी सवलतींसाठी जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचं) कार्ड काढावं लागतं आणि तिथे बहुतेक ठिकाणी ४० टक्के ही रेषा असते.

आजार असा असेल की मधूनमधून निर्णय घेणं जमत नाही, तर बरं असतानाच एक नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत तुमच्या बाजूने उभा राहणारा माणूस, लेखी ठरवून ठेवा. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १४ त्यासाठीच आहे. साध्या कागदावर सही करून देता येतं, आणि तो बायकोच असावा असंही नाही. नंतर मन बदललं तर नाव बदलताही येतं.